देखाव्याचं राहू द्या, काट्याचं बोला

फ्लाइट सिम्युलेटर हाती आला की आमच्या शहापूर-मुरबाडकडची पोरं आधी काय करतात? आपलं गाव शोधतात. सांताक्रूझहून उडायचं, ठाण्याची खाडी ओलांडायची, रेल्वेच्या रुळांवर नजर ठेवून वाशिंद, आसनगाव, आटगाव करत निघायचं आणि तानसाचं पाणी दिसलं की आरोळी ठोकायची. मुरबाडची पोरं बारवी धरणावरून वळतात आणि माळशेज गाठतात. जरूर जावं. आपलं गाव वरून बघण्याचा आनंद खराच असतो. पण तेवढ्यावर विमान कळलं असं मानणाऱ्यांना, आणि असं मानायला लावणाऱ्या बनवणाऱ्यांना, आज चार शब्द सुनवायचे आहेत.

खिडकीबाहेर बघून विमान चालतं ते स्वच्छ दिवसा. रात्री, ढगात, आषाढाच्या झडीत बाहेर काहीच नसतं. तेव्हा वैमानिकाजवळ उरतात समोरच्या फळीवरच्या पाच-सहा तबकड्या: वेग, उंची, कल, दिशा, वळण, चढ-उतार. त्याचा आणि मागे बसलेल्यांचा जीव त्या काट्यांवर असतो. आणि घरच्या सिम्युलेटरमध्ये सगळ्यात कमी मेहनत घेतली जाते ती याच काट्यांवर. डोंगर कसे दिसतात, पाणी कसं चमकतं, ढग कसे फुटतात, यावर पोरं रात्र-रात्र बोलतात. काटा कसा वागतो, हे विचारणारा एखादाच.

काटा चुकला तर काय होतं ते मुंबईने पाहिलं आहे. १ जानेवारी १९७८. एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालं. समुद्रावर आल्यावर उजवीकडे वळलं आणि सरळ झालं. कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज मात्र सरळ झालं नाही. विमान उजवीकडेच कललेलं आहे असं ते दाखवत राहिलं. कॅप्टनने कल काढायचा म्हणून डावीकडे झोक दिला, आणखी दिला. बाहेर काळा समुद्र आणि काळं आभाळ, मध्ये रेषा नाही. शेजारच्या सहवैमानिकाने आपलंही यंत्र बिघडल्याचं बोलून दाखवलं. फ्लाइट इंजिनिअरने तिसऱ्या, राखीव यंत्राकडे लक्ष वेधलं. तोवर उशीर झाला होता. जमीन सोडल्यापासून १०१ सेकंदांत विमान वांद्र्यासमोर समुद्रात गेलं. २१३ माणसं होती. एकही वाचलं नाही.

यंत्र बिघडल्यावर कॅप्टनला विमानाच्या स्थितीचं भान उरलं नाही आणि त्याने उलट हालचाल केली, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. बोइंग आणि यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध अमेरिकेत लावलेला दावा तिथल्या न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळला. कायद्याचं जे झालं ते झालं. मला त्यातलं एकच दिसतं: काटा बंद पडला नव्हता. तो काहीतरी दाखवत होता, ठामपणे दाखवत होता आणि चूक दाखवत होता.

आता तुमच्या सिम्युलेटरमधलं साधं छोटं विमान घ्या. त्यातल्या कृत्रिम क्षितिजाला असं चुकता येतं का? मी जी पाहिली त्यातल्या बऱ्याच विमानांत बिघाड म्हणजे काटा जागीच थिजणं, नाहीतर तबकडीवर लाल फुली उमटणं. काचेच्या पडद्यावाल्या नव्या विमानांत फुली येते, ते ठीक. पण जुन्या विमानांत हे यंत्र हवेच्या ओढीने फिरणाऱ्या भोवऱ्यावर, म्हणजे जायरोवर चालतं. हवा ओढणारा पंप मेला तरी भोवरा तत्क्षणी थांबत नाही. तो काही मिनिटं फिरत राहतो, मंदावतो आणि क्षितिज हळूहळू एका बाजूला झुकतं. इतकं हळू, की वैमानिकाचे हातही नकळत त्याच्या मागे झुकतात. वैमानिकाने शिकायला हवं ते हे झुकणं ओळखायला. लाल फुली ओळखायला शिकवावी लागत नाही.

किन्हवलीच्या एका डिप्लोमा करणाऱ्या पोराने गेल्या पावसाळ्यात मला स्वतः बनवलेला उंचीमापक दाखवला. ब्लेंडरमध्ये घडवलेला, आकडे इंकस्केपमध्ये काढलेले. “काका, काच बघा. ओरखडेसुद्धा मारलेत. कडेला धूळ बसवलीय.” काच झकास होती. स्क्रूच्या खाचेतला रंग उडालेला, आकड्यांचा पांढरा किंचित पिवळट पडलेला. हात चांगला आहे पोराचा, यात वादच नाही. मी म्हटलं, दाबाचा नॉब फिरव. त्याने फिरवला. छोट्या खिडकीतला आकडा १०१३ वरून १००३ वर आला. काटा जागचा हलला नाही.

“ते नुसतं दाखवायला आहे, काका.”

तिथे मी त्याला धरला. उंचीमापकाला उंची कळत नाही, त्याला कळतो हवेचा दाब. आत पातळ पत्र्याची हवाबंद डबी असते. वर जाल तसा बाहेरचा दाब कमी होतो, डबी फुगते आणि दातेरी चाकं काटा फिरवतात. जमिनीवरचा दाब रोज बदलतो, म्हणून तो नॉब आणि ती खिडकी. हिवाळ्यात मुंबईचा दाब १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, भर पावसाळ्यात तो १००३-१००४ पर्यंत उतरतो. एका हेक्टोपास्कलला सत्तावीस ते तीस फूट धरा. म्हणजे जुलैत नॉब १०१३ वरच विसरलात तर काटा तुम्हाला जवळजवळ तीनशे फूट उंच दाखवतो. तुम्ही प्रत्यक्षात तेवढे खाली असता. माहुली गडाचा माथा सुमारे २८०० फुटांवर आहे. तीनशे फुटांची चूक तिथे काय करते ते शहापूरकरांना समजावून सांगायला नको. ज्या नॉबने हे कळतं तोच नॉब नुसता दाखवायला ठेवायचा आणि मेहनत ओरखड्यांवर करायची?

पोरगा चिडला नाही. दुसऱ्या वेळी आला तेव्हा नॉबबरोबर काटा फिरत होता. मी म्हटलं, अजून एक राहिलंय. फार गुळगुळीत फिरतोय.

खऱ्या उंचीमापकाचा काटा जरासा अडखळतो. चाकांचं घर्षण असतं. पिस्टन इंजिनाच्या विमानात इंजिनाची थरथर तो अडखळा मोडून काढते. जेटमध्ये ती थरथर नसते, म्हणून काही उंचीमापकांत मुद्दाम छोटा थरथराट करणारा भाग बसवत. मुरबाडच्या एमआयडीसीत बॉयलरवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, प्रेशर गेज वाचण्याआधी तो काचेवर बोटाने टिचकी मारतो. जुने वैमानिकही मारत. सिम्युलेटरमधल्या काचेवर टिचकी मारता आली आणि काटा वीस फूट सरकला, तर तो यंत्र बनवणारा मला भेटवा. मी त्याचा जाहीर सत्कार करीन.

या सगळ्याच्या मुळाशी एक चूक आहे आणि ती नवखे करतात तशी मुरलेलेही करतात. सिम्युलेटरला विमानाची अचूक उंची, अचूक वेग, अचूक कल ठाऊक असतो. बनवणारा तोच आकडा उचलतो आणि काट्याला जोडतो. झालं यंत्र! वास्तविक खऱ्या विमानातल्या कुठल्याच यंत्राला उत्तर ठाऊक नसतं. वेगमापकाकडे दोन दाब येतात: समोरून घुसणाऱ्या हवेचा पिटो नळीतून आणि आजूबाजूच्या स्थिर हवेचा विमानाच्या कुशीतल्या भोकातून. दोहोंतला फरक म्हणजे वेग. तुम्हीही काट्याला दोन दाबच द्या. मग पुढच्या चुका तुम्हाला लिहाव्या लागत नाहीत, त्या आपोआप घडतात.

कशा, ते बघा. आमच्याकडे कुंभारीण माशी कुणाला नवी नाही. कुलपाच्या भोकात, स्विचबोर्डाच्या सॉकेटमध्ये, खिडकीच्या पन्हळीत ती मातीचं घर बांधते. विमान चार दिवस उघड्यावर उभं राहिलं तर पिटो नळीतही बांधते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. एक पिटो नळी तुंबली होती आणि संशय अशाच माशीच्या घरावर आला. तुंबलेल्या नळीचा वेगमापक शून्यावर जाऊन बसत नाही. नळीत कोंडलेला दाब तसाच राहतो. विमान चढतं, बाहेरचा दाब घटतो, फरक वाढतो आणि काटा वेग वाढतोय असं सांगतो. वैमानिक घाबरून नाक वर करतो, जोर कमी करतो. विमान आधीच मंदावलेलं असतं. काट्याला तयार वेग जोडलेल्या सिम्युलेटरमध्ये हे घडूच शकत नाही. दोन दाब जोडलेल्यात बनवणाऱ्याने एक ओळ लिहिली की पुरते: पिटोचा दाब इथून पुढे बदलू नये.

हे कुठे शिकायचं, असं विचारणाऱ्यांना पैसे मोजायला लागू नयेत म्हणून सांगतो. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर १९९७ पासून लोक मिळून बनवतायत. फुकट आहे आणि त्याचा सगळा कोड उघडा आहे. त्यात जायरो किती वेगाने फिरतोय याचा वेगळा हिशेब ठेवलेला आहे. पंप थांबला की तो हळूहळू मंदावतो. वाचा. समजेपर्यंत वाचा. मग आपलं लिहा.

आता आपल्या मुलखाची गोष्ट. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण हे बाहेरचा कुणी आपल्यासाठी करणार नाही.

दिशा दाखवणारी जायरोची तबकडी पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपोआप सरकत जाते. किती सरकते, ते अक्षांशावर ठरतं: ताशी पंधरा अंश गुणिले अक्षांशाची ज्या (साइन). मुरबाड सव्वाएकोणीस अंशांवर आहे. गणित करा, ताशी पाच अंश येतात. लंडनवर तेच जवळजवळ बारा होतात. म्हणजे सांताक्रूझहून उडून घोटी, जुन्नर असा तासभराचा फेरा मारला आणि तबकडी होकायंत्राशी ताडली नाही, तर पृथ्वीपायीच पाच अंशांची चूक पदरात पडायला हवी. तुमच्या यंत्रात शून्य पडते का? मग ते यंत्र मुरबाडवर उडतच नाही. बारा पडते? तर कुणीतरी लंडनचा आकडा जसाच्या तसा चिकटवलाय.

होकायंत्राचंही तेच. विमान वळताना चुंबकीय होकायंत्र मागे-पुढे हेलकावतं, कारण पृथ्वीचं चुंबकत्व आडवं नसतं, जमिनीत घुसलेलं असतं. युरोपात ते बरंच खोल घुसतं. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहोत, म्हणून आपल्याकडे ते पुष्कळ उथळ आहे आणि हेलकावाही कमी. पाठ्यपुस्तकातले आकडे तिकडच्या अक्षांशांचे असतात. ते इथे लावणं चूक आहे. आणि या बाबतीत आपल्याकडे माहितीची वाण नाही. कुलाब्याला चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून होत होत्या. मुंबईत विजेवरच्या ट्राम येऊ घातल्या तेव्हा त्या विजेने सुई बिघडेल म्हणून वेधशाळा अलिबागला हलवली, १९०४ मध्ये. तिथे नोंदी आजही चालू आहेत. शंभर-सव्वाशे वर्षं जपलेली सुई आपल्या जिल्ह्यापासून खाडीपलीकडे आहे, आणि आपली पोरं लंडनच्या सुईने शहापूर शोधतात.

माळशेजच्या वर चढताना एक तारीख माहीत हवी. ७ जुलै १९६२ ची मध्यरात्र. सिडनीहून रोमला निघालेलं अलितालियाचं डीसी-८ बँकॉकहून मुंबईला उतरायला येत होतं. मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नरच्या बाजूच्या डोंगरावर ते आदळलं. ९४ माणसं गेली. विमान आहे त्यापेक्षा मुंबईच्या जवळ आलंय असा वैमानिकाचा समज झाला आणि त्याने वेळेआधी उतरायला सुरुवात केली, असं चौकशीत ठरलं. विमान सुमारे ३६०० फुटांवर होतं. कल्याणवर ३६०० फूट म्हणजे ऐसपैस जागा. घाटमाथ्यावर तोच आकडा म्हणजे कडा. म्हणून मी म्हणतो, आकडा वाचता येणंसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे आणि तो नीट वाचता येईल असा मांडणं ही बनवणाऱ्याची जबाबदारी.

जुन्या उंचीमापकाला तीन काटे असत: शेकड्याचा, हजाराचा, दहा हजाराचा. अमेरिकी हवाई दलासाठी फिट्स आणि जोन्स या दोघांनी यंत्रं वाचण्यातल्या २७० चुकांचा अभ्यास १९४७ मध्ये मांडला. त्यात तीन काट्यांचा उंचीमापक ठळक गुन्हेगार निघाला. चांगले, मुरलेले वैमानिक हजार फुटांनी चुकत होते. मग कुणी म्हणेल, सिम्युलेटरमध्ये सोपा काटा लावू. मुळीच नाही. ज्या विमानात तीन काटे होते त्यात तीनच लावा आणि जाडी, लांबी, टोकाचा आकार जसाच्या तसा ठेवा. वाचणाऱ्याला चुकायची तेवढीच संधी मिळू दे जेवढी त्या वैमानिकाला होती.

ज्यांना पडद्यावर समाधान नाही, हाताला काहीतरी लागायला हवं, त्यांच्यासाठी. गाडीच्या डॅशबोर्डात काटा फिरवणारी छोटी स्टेपर मोटर मिळते, एक्स-२७ म्हणून. स्वस्त असते. आर्डुइनोला थेट जोडता येते. ती ३१५ अंश फिरते, म्हणजे वेगमापकाला चालते. उंचीमापकाला चालत नाही, कारण त्याचा काटा गोल-गोल फिरत राहायला हवा. त्याला अडणी नसलेली मोटर लागते. फळी ॲक्रिलिकची. नंबरप्लेट आणि पाट्या कापणाऱ्या दुकानात लेझरवर कापून मिळते. आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केलेल्या पोराला यातलं काही अवघड नाही. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

आणि बनवायचं कुठलं विमान? जगातल्या प्रत्येक पोराचा अमेरिकन सेस्ना बनवून झालाय. कसारा घाट चढून नाशिक ओलांडलं की ओझर. तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून, तिथे मिग-२१ घडली. ते विमान हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं. त्याचं कृत्रिम क्षितिज रशियन पद्धतीचं: कल दाखवताना क्षितिज स्थिर राहतं आणि विमानाचं चिन्ह झुकतं. आपल्या नेहमीच्या सिम्युलेटरमध्ये उलट, चिन्ह स्थिर आणि क्षितिज झुकतं. एका पद्धतीवर शिकलेला माणूस दुसरीवर बसला की पहिल्या घाईत नेमका उलटा झोक देतो. ज्याने मिगच्या फळीवर पाश्चात्त्य क्षितिज बसवलं त्याने मिग बनवलंच नाही, मग वरचा रंग कितीही हुबेहूब असो.

त्याहून मला काळजी आहे ती पुष्पकची. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं दोन माणसांचं, कापडी पंखांचं छोटं विमान. १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांना दिलं गेलं. कित्येक वैमानिकांनी पहिलं उड्डाण त्यात केलं. त्याच्या फळीवर मोजक्याच तबकड्या. आता एक-एक करून ती विमानं मोडीत गेली, काही कुठे शोभेला उभी आहेत, काहींच्या तबकड्या कुणाच्या कपाटात असतील. ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या नुसत्या पुसून ठेवू नयेत. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पोराला व्हर्नियर कॅलिपर घेऊन घरी बोलवा. तबकडीचा व्यास, काट्याची लांबी, आकड्यांची जाडी, दोन खुणांमधलं अंतर मोजू द्या. सरळ समोरून, सारख्या उजेडात फोटो काढू द्या. काटा कुठे अडखळतो ते त्याला स्वतःच्या बोटाने, टिचकी मारून बघू द्या. आणि पुष्पक उडवलेलं कुणी घरात असेल तर त्यांना शेजारी बसवा, कारण वळताना होकायंत्र किती हेलकावायचं ते कुठल्याच फोटोत येत नाही.